ट्रेनचा ग्रुप सुटला आणि कळलं की स्वतःच्या गावात ओळखच नाही. ४५ व्या वर्षी काय सुरू करू?

आठसतराचा_पाशिंदर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चालवून घ्या.

मी जन्माचा डोंबिवलीकर, पूर्वेचा. वय ४५. अठरा वर्षं फोर्टला नोकरी, सकाळची ८:१७, पुढून तिसरा डबा आणि आमचा ग्रुप. आता ग्रुप म्हणजे काय ते मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको. ज्याला सीट मिळाली त्याने ठाणं गेलं की उठायचं आणि उभ्याला बसवायचं, मंगळवारी भजन, टाळ विसरले तर डब्याचा पत्रा आहेच, दसऱ्याच्या आधी डब्याला तोरणं, हार, पूजा, पेढे. माझ्या वडिलांना ॲटॅक आला तेव्हा हॉस्पिटलात पहिला पोचलेला माणूस या ग्रुपातला होता, सख्खा भाऊ दोन तासांनी आला.

मग २०२० उजाडलं, ऑफिस घरात आलं ते घरातच राहिलं. आता महिन्यातून दोनदा जातो, तेही अकराच्या रिकाम्या गाडीने. ग्रुप व्हॉट्सॲपवर आहे म्हणा, गुड मॉर्निंगचे गुलाब आणि वाढदिवसाचे केक, बस.

मागच्या महिन्यात बायको माहेरी गेली होती आणि मला १०२ ताप. रिक्षापर्यंत सोडायला कुणाला बोलवावं म्हणून फोनमधली नावं खाली-वर करत बसलो. ६८० कॉन्टॅक्ट. ग्रुपातले कोण कल्याणला, कोण बदलापूरला, तो हॉस्पिटलवाला रिटायर होऊन मुलाकडे पुण्याला. डोंबिवलीत राहणारा आणि संकोच न करता ज्याला फोन लावता येईल असा एक माणूस सापडेना. शेवटी वॉचमन आला बिचारा. ४५ वर्षं या गावात काढून ही अवस्था, कारण सकाळी आठला बाहेर आणि रात्री नऊला घरी, गाव बघितलं ते फक्त रविवारचं आणि स्टेशनचा जिना.

म्हणून म्हटलं काहीतरी छंद लावून घेऊ. प्रयत्न असे झाले -

युकुलेले ऑनलाइन मागवलं, व्हिडिओ बघून अकरा दिवस वाजवलं, आता भिंतीवर आहे. कॅलिग्राफीचं कीट आणलं, शाई वाळली. मग एका चित्रकलेच्या क्लासला गेलो, तीन महिन्यांची फी आधीच घेतली आणि बॅच दिली ती दुसरी-तिसरीतल्या पोरांबरोबर. शेजारचा पोरगा म्हणाला काका तुमचा हत्ती छान झालाय, तो हत्ती नव्हता, बैल होता. सोडला क्लास, पैसे अर्थातच परत नाहीत.

तर, असं काय आहे जे मोठ्या माणसाने आत्ता सुरू केलं तर वेडगळ दिसणार नाही, आणि जिथे माणसं भेटतील? मी स्वतःहून बोलणारा नाही. उजवा गुडघा थोडा कुरकुरतो. वेळ शनिवार-रविवार सकाळी. सोसायटीचा ग्रुप सुचवू नका, तिथे पार्किंग आणि पाणी सोडून तिसरा विषय निघत नाही.

बिनसाखरेचा

कुत्रा पाळा. पंधरा दिवसांत अख्खा एरिया ओळखायला लागेल. तुम्हाला नाही, कुत्र्याला, पण सुरुवात तिथूनच होते.

गॅलरीतली_टिटवी

मी डोंबिवली पश्चिमेला राहते, तीन वर्षांपासून पक्षी बघते. सुरुवात कशी झाली ते ऐका. समोर बिल्डिंगचं काम चालू होतं आणि रोज सकाळी टुक् टुक् टुक् टुक् असा आवाज यायचा, एका लयीत, थांबायचंच नाव नाही. कोणीतरी पत्रा ठोकतंय म्हणून मी कित्येक दिवस मनातल्या मनात त्या कामगाराला शिव्या घालत होते. रविवारी काम बंद, तरी आवाज चालूच. मग बघितलं तर पिंपळाच्या शेंड्यावर मुठीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा, तांबट! नाव पण त्याच आवाजावरून पडलंय, तांब्याची भांडी ठोकणारा तांबट. मला त्या दिवशी जी लाज वाटली आणि जो आनंद झाला ना, तिथून लागलं वेड.

खर्चाचं सांगते. पहिले तीन महिने काहीही विकत घेऊ नका. (युकुलेलेची आठवण ठेवा.) ई-बर्ड आणि मर्लिन ही दोन ॲप फुकट आहेत, दोन्ही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेची. मर्लिन आवाज ऐकून नाव सुचवतं, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका, रिक्षाच्या हॉर्नवर सुद्धा एकदा काहीतरी सुचवलं होतं माझ्याकडे. ई-बर्डवर आपण यादी टाकायची, किती वाजता, किती मिनिटं, किती चाललो, कुठला पक्षी किती. गॅलरीत उभं राहून पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. पुढे दुर्बीण घ्यावीशी वाटली तर ८ बाय ४२ घ्या, आठ पट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची असतात म्हणून पहाटेच्या कमी उजेडातही बरं दिसतं. दुकानदार २० पटवाली गळ्यात मारेल, ती हातात धरली की पक्षी दिसत नाही, स्वतःचा हात किती थरथरतो ते दिसतं.

आणि माणसांचं म्हणाल तर हा न बोलणाऱ्यांसाठी एक नंबर छंद आहे. दोन तास एकत्र चालायचं आणि गप्प बसलं तर कौतुक होतं. आम्ही सात-आठ जण रविवारी सव्वासहाला भेटतो, कधी भोपरच्या टेकडीकडे, कधी खाडीकडे. आपल्याकडे राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा म्हणून ते दिवस. त्या आठवड्यात जागोजागी फेऱ्या असतात, तेव्हा या. थंडीत ऐरोलीला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जातो, ठाणे खाडीचं २०१५ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२२ पासून ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत पण आहे. म्हणजे तुमची ८:१७ जिच्यावरून रोज जायची ती खाडी बरं का. कधी खिडकीतून बघितली होतीत?

आठसतराचा_पाशिंदर

खिडकी कुठली ताई, अठरा वर्षांत मला फक्त पुढच्याची बगल दिसली.

शिळफाट्याचा_शहाणा

टेकडी?? डोंबिवलीत?? आता टॉवरच्या विसाव्या मजल्यावरून पक्षी बघायचे दिवस आलेत. पोखरून ठेवलंय सगळं. बघून घ्या काय उरलंय ते, पुढच्या वर्षी बोर्ड लागेल, टू बीएचके स्टार्टिंग फ्रॉम.

गॅलरीतली_टिटवी

@शिळफाट्याचा_शहाणा म्हणूनच यादी टाकायची. उद्या कोणी म्हणालं इथे काही नव्हतंच, तर निदान लिहून ठेवलेलं असेल की होतं.

नादखुळा_९९

दादा ढोलपथकात या ना!! मी चार वर्षं वाजवतोय. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सराव सुरू होतो, रोज संध्याकाळी दोन तास, घाम गाळून एकत्र वडापाव खाल्ला की अनोळखी कोणी राहत नाही. पण खरं सांगू, गुडघा म्हणालात तिथे मी थोडा थबकलो. ढोल कमरेला बांधून मिरवणुकीत चार-पाच तास उभं राहायचं असतं, पहिल्या वर्षी माझ्या कमरेला काळेनिळे वळ होते आणि टोल, म्हणजे ढोल वाजवायची काठी, धरून हाताला फोड, मी तर विशीतला. तुम्हाला झांज जमेल. किंवा नुसते व्यवस्थापनात या, दोर धरायला, पाणी द्यायला माणसं कमीच पडतात, वाजवायला सगळे येतात. कानात इअरप्लग मात्र पहिल्या दिवसापासून, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

लेडीज_फर्स्टक्लास

मी तुमची समदुःखी. बँकेत होते, २९ वर्षं लेडीज डब्यातून अप-डाऊन, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. आमच्या डब्यात भाज्या निवडल्यात, हळदीकुंकू झालंय, एकीचं डोहाळजेवण झालंय घाटकोपर ते ठाणे, फुलांची वाडी भरून. त्यामुळे तुम्ही काय गमावलंय ते मला पक्कं कळतंय, घरच्यांना नाही कळत, त्यांना वाटतं गर्दीतून सुटलात, बरं झालं.

पण भाऊ रागावू नका, तुमचा प्रश्नच थोडा चुकलाय. तुम्हाला छंद नकोय, तुम्हाला ८:१७ हवी आहे.

म्हणजे बघा, त्या ग्रुपात तुम्ही कोणाशी स्वतःहून बोलायला गेला होतात का? नाही. रोज तीच वेळ, तोच डबा, तीच तोंडं. पहिले सहा महिने नुसतं बघणं, मग कोणीतरी पेपरचं पान मागतं, मग एकदा तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत की तिसऱ्या दिवशी विचारणा होते, कुठे होतात. ओळख झाली ती गाडी ठरलेल्या वेळेला येत होती म्हणून, तुमचा स्वभाव बदलला म्हणून नाही. युकुलेले का सुटलं? कारण तुम्ही बाराव्या दिवशी वाजवलं नाहीत तर विचारणारं कोणी नव्हतं. त्यात तुमचा आळशीपणा वगैरे काही नाही.

तेव्हा कुठला छंद हे फार महत्त्वाचं नाही हो. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, त्याच लोकांबरोबर होणारं काहीही पकडा, आणि आपल्याला त्यात एखादं बारीकसं काम आहे ना ते बघा. मी रिटायर झाल्यावर आमच्या इथल्या वाचनालयात गेले ते पुस्तकांसाठी नाहीच, शनिवारी पुस्तकांना कव्हरं घालायला माणसं हवीत असा कागद लावला होता म्हणून. खाकी कागद, खळ, जुनी नंबरची लेबलं खरवडायची आणि नवीन लावायची. सहा बायका आणि एक निवृत्त पोस्टमन, त्यांची घडी आमच्या सगळ्यांपेक्षा सरळ. पहिला महिनाभर आम्ही फक्त खळ पातळ झाली की घट्ट एवढंच बोलत होतो. आता माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यातल्या दोघी आल्या होत्या, आणि मी दिवाळीला चकलीची भाजणी त्यांच्याकडूनच घेते.

फी घेऊन शिकवणाऱ्या ठिकाणी आपण गिऱ्हाईक असतो, गिऱ्हाईक आलं नाही तर कोण विचारतंय.

बिनसाखरेचा

मी कुत्रा म्हणालो ते परत घेतो. वरचं उत्तर फ्रेम करा.

रांगोळीवाला_अण्णा

उशिरा आलो. वय ६१, केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होतो, हाताला कलेचा गंध नाही आणि आता मी रांगोळी काढतो. हसा, माझी सून पण हसली होती.

डोंबिवलीत राहता म्हणजे पाडव्याची स्वागतयात्रा माहीत असेलच, १९९९ ला गणेश मंदिराने सुरू केली आणि नंतर ठाणे, गिरगाव सगळीकडे पसरली. तेव्हा मी सेकंड शिफ्टला असायचो, लोकांच्या तोंडून ऐकायचो. एका वर्षी सुट्टी होती, आदल्या रात्री फिरत फिरत फडके रोडला गेलो तर रस्त्यावर मोठी रांगोळी चालू होती, पन्नास-साठ माणसं वाकलेली, आणि एक बाई ओरडल्या अहो काका नुसते बघताय काय, ती गोणी इकडे आणा. आणली. मग दुसरी आणली. रात्री दोनपर्यंत गोण्याच उचलत होतो. निघताना त्याच बाई म्हणाल्या रविवारी सकाळी आठला सराव असतो, शाळेच्या हॉलमध्ये, या. गेलो. नऊ वर्षं झाली.

आता मूळ मुद्दा, शिकायला किती अवघड. ही जी संस्कार भारती पद्धतीची रांगोळी आहे ती चिमटीने नाही काढत. मुठीत रांगोळी घ्यायची, पाचही बोटांची टोकं जुळवायची आणि त्यातून सोडायची, त्यामुळे रेघ जाड पडते, रस्त्यावर लांबून दिसते. हात जमिनीच्या जवळ ठेवला तर रेघ बारीक आणि उठावदार, वर नेला तर पसरते. आधी खडू आणि सुतळीने वर्तुळ आखायचं, मग चाळणीने रंग पसरायचा एकसारखा, आणि त्याच्यावर पांढरी रेघ. गोपद्म, शंख, सर्परेषा अशा ठरलेल्या खुणा आहेत, त्याच फिरवून फिरवून जोडायच्या. पहिले दोन महिने मी फक्त सर्परेषा काढली. साधी नागमोडी रेघ. माझी रेघ सापासारखी नाही, सापाने काहीतरी गिळल्यासारखी यायची, मध्येच फुगायची. कारण मी मूठ आवळत होतो. आवळली की रांगोळी अडकते, अडकली की आपण झटका देतो, की भसकन पडते. हात सैल सोडायला शिकणं हेच सगळं शिक्षण, आणि वाल्व्ह आवळण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं.

गुडघ्याचं सांगतो, मांडी घालून किंवा उकिडवं बसलात तर त्रास होईल. कमरेतून वाकून, पाय फाकवून उभ्याने काढतात बरेच जण, मी छोटं प्लास्टिकचं स्टूल घेऊन सरकत सरकत काढतो. कोणी काही म्हणत नाही. वाऱ्याचा त्रास असतो, फॅन बंद ठेवावा लागतो म्हणून घाम येतो, आणि घरी गेल्यावर नाकातून गुलाबी रंग निघतो, एवढे तोटे.

पुरुष किती असतात विचाराल, आमच्यात चाळीसात अकरा. वेडगळ दिसाल का, हो, पहिले दोन रविवार.

शिळफाट्याचा_शहाणा

यात्रेत आता निम्मे बॅनर पुढाऱ्यांचे असतात अण्णा, ते पण सांगा.

रांगोळीवाला_अण्णा

असतात. बॅनर वर असतात, आम्ही खाली बघून काढतो.

सेक्रेटरी_नाइलाजाने

सोसायटी सुचवू नका म्हणालात तरी सुचवतो, कारण पार्किंग आणि पाणी सोडून तिसरा विषय मी आणलाय, कचरा. आमच्या ४८ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये आम्ही तिघांनी ओल्या कचऱ्याचे ड्रम लावले. पहिला महिना वास, अळ्या, शिव्या, सगळं झालं, चूक आमचीच, नुसता ओला कचरा टाकत होतो. आता एक बादली ओल्याला एक बादली वाळका पालापाचोळा, वर थोडं आंबट ताक, दोन दिवसांनी ढवळायचं. मुठीत दाबून बघायचं, बोटांतून पाणी गळलं तर पाला वाढवा, भुसभुशीत सुटलं तर पाणी शिंपडा. दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं, पावसाच्या मातीसारखा वास येतो. तर सांगायचं हे की ज्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांशी माझं पार्किंगवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं ते आता रोज सकाळी ढवळायला येतात. बोलणं अजून बंदच आहे, पण ढवळतात.

आठसतराचा_पाशिंदर

सगळ्यांचे आभार, एक एक उत्तर दोन-तीनदा वाचलं. लेडीज फर्स्टक्लास ताईंचं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, ती म्हणाली हे मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतंस.

चार आठवड्यांचा रिपोर्ट देतो.

पहिल्या रविवारी टिटवी ताईंच्या ग्रुपबरोबर गेलो. सहा वाजता उठायचं जीवावर आलं होतं, पण अठरा वर्षांची सवय, गजराच्या आधी डोळे उघडले. परीट नावाचा पक्षी बघितला, शेपटी सतत वर-खाली, थंडीचा पाहुणा म्हणे. वेडा राघू तारेवर बसलेला, उडायचा आणि माशी पकडून परत त्याच जागी. त्याची पण सीट ठरलेली! माझ्या यादीत १४ पक्षी झाले, बाकीच्यांच्या ३७, एकाच टेकडीवर, एकाच वेळी. परत जाणार, पण महिन्यातून एकदाच, कारण बाकीचे रविवार मी अण्णांना दिलेत.

हो, गेलो रांगोळीला. दारात दहा मिनिटं उभा होतो, आत सगळ्या बायका दिसत होत्या, परत फिरणार तेवढ्यात आतून कोणीतरी अहो सतरंजी धरा जरा त्या बाजूने असं म्हणालं आणि मी धरली. पहिल्या दिवशी सर्परेषा, दुसऱ्या रविवारी सर्परेषा, कालच्या रविवारी पण सर्परेषा. माझी मध्ये तुटते, फुगत नाही, तुटते. अण्णा म्हणाले तुटणं बरं, म्हणजे तुम्ही घाबरताय, आवळत नाही आहात.

आणि एक. दुसऱ्या रविवारी ऑफिसच्या कामामुळे वीस मिनिटं उशीर झाला तर आठ वाजून सतरा मिनिटांनी फोन आला, अनोळखी नंबर. त्या सतरंजीवाल्या बाई होत्या. निघालात का, तुमच्यासाठी कडेची जागा ठेवलीय, गुडघ्यामुळे. आठ सतरा खरंच, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

जुन्या ग्रुपवर पण टाकलं की मी रांगोळी शिकतोय. गुलाबांचा पूर थांबला आणि अर्धा तास नुसती चेष्टा चालू होती, किती दिवसांनी! बदलापूरचा एक म्हणाला पाडव्याला येतो बघायला, भजनाचे टाळ घेऊन येतो.

अण्णा, एक विचारायचं राहिलं, पुढच्या रविवारी रंग पसरायला शिकवणार म्हणालात. चाळणी कुठली आणू, मैद्याची की कणकेची?

रांगोळीवाला_अण्णा

कणकेची. मैद्याच्यात रंग अडकतो. आणि नवीन विकत घ्या, घरातली उचलून आणू नका. मी आणली होती, महिनाभर पोळ्या गुलाबी येत होत्या.